सातव्या क्रमांकाचं गाणं

पूनमसिंग नायकाचा तांडा
मु. पो. बोरी अरब
ता. २९ जानेवारी १९६१, रविवार

चि. सौ. इंदू,

अनेक आशीर्वाद. तुझं तिळगुळाचं पाकीट पोचलं. दहा दिवस लागले, पण झरीकडचं टपाल वाटेत कुठेतरी पडून राहतं हे मी आता धरूनच चालते. बाबारावांचा खोकला कमी झाला का ते तू लिहिलं नाहीस. लाकडाच्या डेपोवर धूळ फार असते, नाकाला रुमाल बांधा म्हणावं. ते ऐकणार नाहीत, तरी म्हणावं.

माझं ठीक आहे. टाच दुखते. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकते, मग चालता येतं.

मागचा आठवडा शाळा सप्ताहात गेला. जनपद सभेचं परिपत्रक आलं होतं, सात दिवसांची सात कामं लिहून. ती शहरातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असावीत. पहिल्या दिवशी व्यायामशाळेची सफाई होती. आमची शाळाच नायकाच्या बैलांच्या कोठ्यात भरते. मुलांनी शेण आणलं, मुलींनी कोठा सारवला आणि मी परिपत्रकापुढे ‘झाले’ असं लिहिलं.

कापसाची वेचणी अजून संपलेली नाही. पटावर एकोणचाळीस मुलं आहेत, त्यातली पहिल्या दिवशी अकरा आली. संध्याकाळी नायकाकडे गेले. खाटेवर बसूनच तो म्हणाला, “बाई, पोट्टे तुमाले सात रोज देतो. पन सायबाले सांगा, नायकानं देल्ले.” सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी चौतीस आली.

प्रभातफेरी काढली. तांडा चाळीस झोपड्यांचा, पाच मिनिटांत संपला. परिपत्रकात अर्धा तास लिहिला होता, म्हणून तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला एका म्हातारीनं दारातून विचारलं, “बाई, कोनी हरपलं का?” मुलं हसली. मलाही हसू आलं असतं, पण पाय भरून आले होते.

टकळीवरच्या सुताचं आणि मातीकामाचं प्रदर्शन मांडलं. काहीही करा म्हणून सांगितलं होतं. एकतीस बैल आले आणि एक रेल्वेगाडी. या लोकांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं. ते पायांतून गेलं, पण मुलांच्या बोटांतून अजून गेलेलं नाही. लंगडी झाली, हस्ताक्षर झालं, तोंडी पाढे झाले.

हस्ताक्षर आणि पाढे या दोन्हींत जमनी पहिली आली. ही माझी चौथीतली मुलगी. तांड्यातली चौथीपर्यंत पोचलेली पहिलीच. बाराव्या वर्षात असेल. दाखल्यावरची तारीख मीच अंदाजानं घातली आहे. चौथीची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला बोरीला आहे. ती पास झाली तर तिला दारव्ह्याला पाचवीत घालता येईल. तिचा बाप धावजी दोन वर्षांपूर्वी तसं हो म्हणाला होता. सहा वर्षं इथे राहून मी काय केलं असं कुणी विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे ही एक मुलगी आहे.

सव्वीस तारखेला झेंडावंदन आणि नंतर संमेलन. डिप्टी साहेब रेल्वेनं बोरीला उतरले, तिथून नायकाच्या बैलांच्या दमणीतून आले. खताच्या खड्ड्यावरचा संवाद पाठ असूनही मुलं मध्येच थांबली. सातव्या क्रमांकाला लोकगीत ठेवलं होतं. ते जमनीनं म्हटलं. साहेबांना आवडलं, त्यांनी तिला कंपास पेटी दिली. बायका रडल्या. गाणं चांगलं झालं की रडतातच.

साहेबांनी शेरा लिहिला: ‘दुर्गम वस्तीत एकट्या शिक्षिकेने केलेले काम प्रशंसनीय. मुलींची प्रगती विशेष.’ सहा वर्षांतला हा पहिला चांगला शेरा.

शुक्रवारपासून जमनी शाळेत आलेली नाही. थकली असेल. मीही थकले आहे. कळंबला आईकडे तू केव्हा जाणार ते कळव, म्हणजे मलाही रजा टाकता येईल.

तुझी
ताई


ता. ५ फेब्रुवारी १९६१, रविवार

इंदू,

वरचं पत्र टाकलं नाही. मंगळवारी बोरीच्या पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. परत येऊन वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. हजेरी खरी आहे, बैल खरे आहेत, शेराही शब्दाला शब्द तसाच आहे. तरी ते पत्र तसंच तुझ्या हाती पडावं असं वाटेना. दोन्ही एकत्र पाठवते आहे.

ते गाणं मी विहिरीवर ऐकलं होतं, सप्ताहाच्या आधी. जमनी घागर भरता भरता गुणगुणत होती. लांब लांब ओढलेले सूर, वरून खाली येणारे. मी विचारलं, हे काय म्हणतेस? ती म्हणाली, “असंच, बाई. याडी शिकवून राह्यली.” याडी म्हणजे आई. मला कार्यक्रमात एक गाणं कमी पडत होतं. मी म्हटलं, संमेलनात म्हणशील का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुमी बसान न ऐकाले?” मी म्हटलं, बसेन की, समोरच बसेन. ती म्हणते म्हणाली.

मंगळवारी, संमेलनाला दोन दिवस असताना, मानीबाई पाणी घेऊन आली. ही शाळेचं पाणी भरते आणि उरलेला वेळ मला काय काय कळत नाही ते सांगते. तिनं मुलीची तालीम ऐकली आणि घागर खाली ठेवली.

“बाई, थे गानं ठिवू नका.”

“का गं?”

“थो ढावलो हाये. नवरी म्हनते. सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून म्हनते.”

“मग जमनीला आत्ता कशाला शिकवताहेत?”

मानीबाई हसली. “कायले शिकवतेत, बाई? तुमाले नव्हतं का कोनी शिकवलं, सासरी जाताना रडाचं कसं थे?”

तेव्हा मला समजलं. धावजीची झोपडी शाळेपासून दीडशे पावलांवर आहे. त्याला विचारायला जाता आलं असतं. मी गेले नाही. धावजी नायकाचा चुलतभाऊ. नायकानं मुलं सात दिवसांसाठी दिली होती. शब्दाला शब्द लागला असता तर गुरुवारी साहेबांसमोर मी आणि एकतीस मातीचे बैल एवढेच उरलो असतो. कार्यक्रमपत्रिकेच्या तीन प्रती लिहून झाल्या होत्या, एक वर पाठवली होती. आणि दोन दिवसांत काय बिघडतं, संमेलन झालं की बोलू, असंही होतं. ही कारणं मी त्या दिवशी मनाशी नीट मांडली. आजही त्यातलं एकेक कारण वेगळं काढून पाहिलं तर चुकीचं वाटत नाही.

सातव्या क्रमांकाला मी जमनीचं नाव पुकारलं. ती पुढे आली, हात जोडले नाहीत, सुरुवात केली. मागे बायका बसल्या होत्या, कुणी मूल पाजत होतं, बांगड्यांचे आवाज चालले होते. पहिल्या ओळीला ते सगळे थांबले. तिची आई बिजलीबाई उठली, पुन्हा बसली आणि तोंडावरून पदर घेतला. दोन कडवी झाली असतील. मग जमनी ओट्यावरून खाली उतरली. मी साहेबांच्या शेजारी बसले होते. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून पुढचं म्हटलं. मला ‘बाई’ एवढा शब्द समजला. तो पुष्कळदा आला. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं, तरी मला तेवढाच शब्द समजला.

साहेब म्हणाले, “वा, अभिनयही शिकवलात तुम्ही.” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी मानीबाई आली. घागर ठेवून जात होती, मी थांबवलं. जमनी का येत नाही, विचारलं.

“आता कायले येईन?”

ती दारापर्यंत गेली, तिथून वळली. मग म्हणाली, “ढावल्यात पोरगी आपल्या मनचं घालत असते, बाई. तुमच्या गळ्यात पडून काय म्हने, थे समजलं नाही का तुमाले?”

“नाही.”

“सहा वर्सं झाले तुमाले तांड्यात.”

“झाली.”

“थे म्हने, बाई, माया बापूले सांग. मले चौथी होऊ दे म्हना. तू सांगशीन तं थो ऐकीन. मी बोलू शकत नाही, तू बोल. बाई, तू काहून बोलत नाहीस?” तिनं ते मराठीत सांगितलं, सपाट, निरोप सांगावा तसं. “साऱ्या तांड्यानं ऐकलं. धावजीनं ऐकलं. समदे तुमच्याकडे पाहून राह्यले व्हते, का बाई आता काय म्हनते. तुमी टाळ्या वाजवल्या.”

इंदू, बंजाऱ्यांच्या मुलीला लग्नाबद्दल बापाशी तोंड उघडता येत नाही. आपल्यातही येत नव्हतं. पण ढावल्यात म्हटलेल्याला कुणी रागावत नाहीत, तेवढी एक जागा तिला मोकळी असते. ती जागा जमनीनं लग्नाच्या आधीच वापरून टाकली, मी समोर बसेन म्हटलं होतं म्हणून. मी सहा वर्षं त्यांच्या मुलांना माझी भाषा शिकवली. त्यांची भाषा आपण शिकावी असं एकदाही मनात आलं नाही.

मंगळवारी पत्र घेऊन बोरीला गेले ते सोमवारचं हे ऐकल्यावर. आणि परत आले ती सरळ धावजीकडे गेले. तो दोर वळत होता. त्यानं दोर सोडला नाही.

“आता आल्या, बाई?”

मी म्हटलं, जमनीच्या परीक्षेबद्दल बोलायचं आहे.

“गुरुवारी बोलाचं. मी उभाच व्हतो तिथं. पोरगी चारचौघांत म्हनली, तवा तुमी गप. मले वाटलं, बाईचीबी मर्जी हाये. बाईले ठाऊक, आपल्याले काय समजते?”

“मला समजलं नव्हतं, धावजी. भाषा समजली नाही.”

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. त्याला ते खरं वाटलं नाही. रोज ‘बाई, जेवल्या का’ विचारणाऱ्या लोकांची भाषा सहा वर्षांत समजू नये, हे कुणालाही खोटंच वाटेल.

तो म्हणाला, “नवऱ्याकडचे आल्ते न गाण्याले. हरिसिंग, त्याची बायको. पुढच्या साली करू म्हनून मीच अडवून धरलं व्हतं. त्याईले पोरगी पसंत पडली. त्याच संध्याकाळी गूळ वाटला.”

बिजलीबाई आतून म्हणाली, “गूळ वाटल्यावर शब्द फिरत नाही, बाई.” तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

लग्न मोडा असं मी म्हटलं नाही. कायदा मला माहीत आहे. तहसिलीत एक अर्ज दिला तर शिपाई येईल, लग्न आठ दिवस पुढे जाऊन दुसऱ्या तांड्यात लागेल आणि कोठ्यात पुन्हा बैल बांधले जातील. हेही कारण नीट मांडता येतं. मी एवढंच म्हटलं की परीक्षा होईपर्यंत थांबा. धावजी म्हणाला, “थे आता हरिसिंगले विचारा. त्याची सून हाये.”

म्हणून काल शनिवारी शाळा सुटल्यावर हरिसिंगच्या तांड्यावर गेले. बोरीच्या पलीकडे, चार मैल. तो तूर झोडपत होता. बायकोनं पाणी दिलं, मग बकरीच्या दुधाचा चहा दिला. साठीचा माणूस आहे, मिशा पांढऱ्या, बोलायला मऊ.

“कायची परीक्षा, बाई?”

“चौथीची.”

“थे झाल्यावर काय होते?”

“पाचवीत जाता येतं.”

“मंग?”

“मग सहावीत.”

तो हसला. त्याची बायकोही हसली. “म्हंजे जिना हाये,” तो म्हणाला. “तुमी किती चढल्या?”

“सातवी. मग नॉर्मल स्कूल.”

“आन् राहता एकट्याच?”

“एकटीच.”

यात त्याला मला टोचायचं नव्हतं. तो हिशोब समजून घेत होता. मी म्हटलं, लग्न केव्हा आहे? होळी झाली की. मग मी म्हटलं, लग्नानंतर परीक्षेपुरती पाठवा. एक दिवस. मी स्वतः येऊन नेईन, संध्याकाळी स्वतः आणून सोडीन. हरिसिंगनं हातातली काठी बाजूला ठेवली आणि खरोखर विचार केला. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, पण तिनं काय म्हटलं ते त्याला समजलं असावं.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “नव्या सुनेले लोक पाहत असतात. नाही जमत.”

निघताना तिनं माझ्या पदरात तुरीच्या शेंगा घातल्या. मी घेतल्या.

इंदू, हे सगळं अर्ध्या तासात झालं. त्यातला बराच वेळ पाण्यात आणि चहात गेला. मी विचारलं, तो नाही म्हणाला. मला काही झालं नाही. कुणी हात धरून बाहेर काढलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. चार मैल परत चालताना मला एवढंच वाटत होतं की विचारायला इतकंच लागतं.

परीक्षेची यादी परवा पाठवायची आहे. जमनीचं नाव मी त्यात घातलं आहे. एप्रिलमध्ये त्याच्यापुढे ‘गैरहजर’ पडेल.

आज सकाळी ती विहिरीवर दिसली. केसांना तेल लावलेलं होतं, दोन्ही हातांत नव्या बांगड्या होत्या. मला पाहून तिनं घागर भरायची थांबवली. मी जवळ गेले आणि सांगितलं, “तुझ्या बापूला विचारलं. हरिसिंगलाही विचारलं. नाही म्हणाले.”

ती म्हणाली, “खरंच विचारलं?”

“खरंच.”

“तुमी सोता गेल्त्या?”

“हो. काल.”

तिनं मान हलवली. घागर डोक्यावर घेतली आणि गेली. रडली नाही.

आता तुला कळलं असेल मी कुठे येऊन पोचले आहे.

कळंबला, मागच्या अंगणात, तू शेंगा निवडत होतीस. तेरा वर्षांची होतीस. चौथीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी सतरा उलटून अठराव्यात शिरलेली, कपाळ पांढरं करून घरी परत आलेली. तू म्हणालीस, “ताई, तू बाबाले सांग. मले चौथी होऊ दे म्हना, मंग करा लग्न. तुयं ऐकतेत.” मी सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू चुलीपाशी माझ्याकडे बघितलंस आणि मी तुला सांगितलं, विचारलं, नाही म्हणाले.

मी विचारलं नव्हतं, इंदू.

बाबा त्या दिवशी पडवीत बसले होते. मी उंबऱ्यापर्यंत गेले. आदल्या आठवड्यात ते आईला म्हणाले होते, एकीचं उरकलं की दुसरीला यवतमाळला नॉर्मल स्कूलला धाडतो, दोघींचं एकदम माझ्यानं होत नाही. ते मी ऐकलं होतं. तुला ते माहीत नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहिले. बाबांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, पाणी हवं का? ते हो म्हणाले. मी पाणी आणून दिलं.

तू म्हणालीस, “जाऊ दे ताई, तू विचारलं न.” बाबारावांचं तेव्हा बिजवराचं लग्न, वय एकोणतीस. तू गेलीस, जूनमध्ये मी यवतमाळला गेले.

बाबा कदाचित नाहीच म्हणाले असते. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कदाचित हरिसिंगसारखा विचार करून नाही म्हणाले असते. पण ते नाही त्यांचं झालं असतं. आता ते माझं आहे, आणि तू सतरा वर्षं ते त्यांच्या नावावर धरून चालली आहेस. त्यांच्या आजारपणात तू कळंबला आली नाहीस, तेव्हा आई मला म्हणाली, इंदूचा राग गेला नाही. मी गप्प बसले. ते गेले तेव्हाही तू दारातच उभी राहिलीस. मी तुला आत चल म्हटलं. तेव्हा सांगायला हवं होतं. बाबांकडे बघून नव्हे, तुझ्याकडे बघून.

हे लिहिल्यानं तुझं काही परत येत नाही, हे मला समजतं. क्षमा कर असं लिहिणार नाही, कारण ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल. तू फक्त बाबांवरचा राग काढून घे. तो त्यांचा नाही.

कळंबच्या बाजूला गेलीस तर आईला यातलं काही सांगू नकोस, असं लिहिणार होते. तेही लिहीत नाही. सांगायचं असेल तर सांग.

पत्राखाली काय लिहावं ते ठरत नाही. नुसतं नाव लिहिते.

सत्यभामा